विश्लेषण : मेडशीचा घाट, सायकलचा गिअर आणि ‘वेलोसिओ’… हौशी सायकलस्वारांना डोंगर चढायला शिकवणारा माणूस कोण होता?

अकोल्याहून वाशीमकडे निघालेल्या सायकलस्वाराला पातूरपर्यंत फारसा त्रास होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, बरीचशी सपाट जमीन. पातूर सुटले की मात्र रस्ता वळणे घेत डोंगरात शिरतो आणि वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले मेडशी येईपर्यंत पिंढऱ्या भरून येतात. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, तर वाशीम सुमारे ५५० मीटर उंचीवर. ही उंची कुठे तरी चढावीच लागते. राष्ट्रीय महामार्ग १६१ चे रुंदीकरण झाले म्हणून चढ संपत नाही.

मग इथे सायकलच्या डाव्या-उजव्या बाजूच्या छोट्या खटक्यांना महत्त्व येते. बोटाने खटका दाबला की चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाते, पेडल हलके होते आणि चाळिशीतला, पोट थोडे सुटलेला, रोज नोकरी करणारा माणूसही न उतरता घाट चढतो. हे इतके सवयीचे झाले आहे की, त्यासाठी कधी काळी जोरदार भांडण झाले होते हे कुणाला सांगून खरे वाटणार नाही. त्या भांडणात हौशी सायकलस्वारांची बाजू लढवणारे गृहस्थ होते पॉल द व्हिवी. सायकलच्या जगात त्यांना ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखतात.

वेलोसिओ कोण होते?

पॉल द व्हिवी यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेकडील पेर्न या गावी झाला. शिक्षण साहित्याचे, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांची आवड आयुष्यभराची, पण व्यवसाय रेशमाचा. मध्य फ्रान्समधील सेंट एतियेन हे कोळशाचे, शस्त्रांच्या कारखान्यांचे आणि रेशमी फितींचे शहर. तिथे त्यांचा जम बसला होता. वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत सायकलशी त्यांचा काही संबंध नव्हता.

१८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येणारे, मागचे चिमुकले, अशी ती त्या काळची उंच सायकल. एका मित्राने त्यांना पैजेवर घातले: सहा तासांत १०० किलोमीटर जाऊन दाखव. द व्हिवी निघाले ते सरळ डोंगरातल्या शेज-द्यू या गावाकडे. या एका रपेटीने रेशमाच्या व्यापाऱ्याचे डोके फिरले, असे म्हणायला हरकत नाही. कारण त्यानंतर दुकानात मन लागेना.

रेशमाच्या कामासाठी त्यांचे इंग्लंडला जाणे होई. तिथले कोव्हेंट्री हे तेव्हा सायकल उद्योगाचे माहेरघर. कारखाने पाहून आल्यावर १८८७ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांनी चालता रेशमी व्यवसाय विकून टाकला, सेंट एतियेनमध्ये सायकलचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ओळखले गेलेले हे मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवले. ‘वेलोसिओ’ हे त्यातले लेखनाचे नाव. ‘सिक्लोतुरिस्म’, म्हणजे शर्यतीसाठी नव्हे तर भटकण्यासाठी सायकल, या शब्दाचे श्रेयही बहुतेक वेळा त्यांनाच दिले जाते.

दुकानातून पैसा फार आला नाही. वेलोसिओंना विक्रीपेक्षा प्रयोगात रस होता आणि प्रयोगाचा निकाल कळला की तो मासिकात छापून मोकळे होण्याची घाई होती. स्पर्धकाचे यंत्र चांगले असेल तर तसेही ते लिहीत. व्यापाऱ्याला हे परवडत नाही. वाचकांचा विश्वास मात्र त्यामुळेच बसला.

गिअरची कल्पना आली कुठून?

सेंट एतियेनमधून दक्षिणेकडे निघाले की शहराच्या वेशीपासूनच चढ सुरू होतो. सुमारे १३ किलोमीटरचा हा घाट ‘कोल द ला रेप्युब्लिक’ म्हणून ओळखला जातो, माथा १,१६१ मीटरवर. वेलोसिओंची ही रोजच्यासारखी वाट होती. १८८९ च्या सुमारास त्यांनी ‘ला गोल्वाज’ ही स्वतःची सायकल बाजारात आणली होती. चेनवर चालणारी, आजच्या सायकलसारख्या सांगाड्याची, पण एकच गिअर असलेली.

सांगितली जाणारी हकीकत अशी की, या घाटात ते घाम गाळत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक मागून आला आणि तोंडात पाइप ठेवून शांतपणे पुढे निघून गेला. अपमान वर्मी लागला. पण घरी आल्यावर विचार सुरू झाला तो हिशोबाचा. गिअर जड केला तर सपाटीवर वेग येईल, पण घाटात उतरून ढकलावे लागेल. हलका केला तर घाट निघेल, पण सपाटीवर पाय नुसते गरगरा फिरतील. एका गिअरमध्ये दोन्ही साधणार नाही. मग सायकलला एकच गिअर का असावा?

पहिला उपाय अगदी गावठी होता. पुढे लहान-मोठी दोन चक्रे बसवायची आणि घाट आला की खाली उतरून चेन हाताने एकीवरून दुसरीवर टाकायची. नंतर दुसऱ्या बाजूलाही चक्रे लावून चार गिअर झाले. पुढच्या काळात चालत्या सायकलवर चेन सरकवणाऱ्या यंत्रणा, म्हणजे आज ज्याला डिरेल्युअर म्हणतात त्याचे पूर्वज, सेंट एतियेनच्या कारागिरांनी घडवले. हे सगळे एकट्या वेलोसिओंनी शोधले असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण प्रत्येक नवे यंत्र रस्त्यावर नेऊन, डोंगरात झिजवून, त्याचे गुणदोष जाहीर करण्याचे काम त्यांच्याइतके कुणी केले नाही.

गिअरने नेमके काय होते?

आकड्यांत पाहू. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पेडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे सुमारे २.४ फेरे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते.

आता स्वार आणि सायकल मिळून ९० किलो आणि चढ ५ टक्के, म्हणजे १०० मीटर रस्त्याला ५ मीटर उंची, असे समजा. वारा आणि रस्त्याचे घर्षण सोडून केवळ चढाचा विचार केला तरी या सायकलच्या पेडलवर सरासरी २२ ते २३ किलोचा जोर सतत द्यावा लागतो. गिअरच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे ३४ दाते निवडले की एका फेऱ्यात सायकल जेमतेम २.१ मीटर सरकते आणि तोच जोर ९ किलोच्या आसपास येतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. गिअरमुळे मेहनत वाचत नाही. ९० किलो वजन घाटमाथ्यावर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा तितकीच राहते. फरक इतकाच की तीच मेहनत मोठ्या घासांऐवजी छोट्या घासांत होते. गुडघ्यावरचा ताण उतरतो, स्नायू लवकर आंबत नाहीत, आणि माणूस एका घाटानंतर दुसरा घाट चढायला शिल्लक राहतो. वेलोसिओ हेच वर्षानुवर्षे सांगत होते आणि त्याला विरोधही याच मुद्द्यावर झाला.

विरोध कुणाचा होता?

विरोधात उभे होते आँरी देग्रांज. १८९३ मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून त्यांनी विक्रम केला होता. पुढे ते वृत्तपत्राचे संपादक झाले आणि १९०३ मध्ये त्यांनी ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. सायकलिंग म्हणजे माणसाच्या ताकदीची परीक्षा, यंत्राने त्यात हात घालू नये, ही त्यांची भूमिका होती.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या टुरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात सायकलींची चाचणी घेतली. तुर्माले या दोन हजार मीटरहून उंच घाटाचा त्यात समावेश होता. मार्त एस या महिला सायकलस्वाराने गिअरच्या ‘गोल्वाज’वरून ती पूर्ण केली आणि वाटेत कुठेही उतरून सायकल ढकलली नाही. गिअरच्या बाजूने याहून मोठा पुरावा काय हवा होता? देग्रांज यांचे मत मात्र बदलले नाही. गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक, तरुणांनी स्नायूंच्या जोरावर जिंकावे, अशा आशयाचे त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून लिहिले. वेलोसिओ तेव्हा ४९ वर्षांचे होते. टोमणा कुणाला होता हे वाचकांना वेगळे सांगायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे दुसऱ्याच वर्षी पहिल्या ‘टूर द फ्रान्स’चा मार्ग वेलोसिओंच्या त्याच कोल द ला रेप्युब्लिकवरून गेला. हजार मीटरपेक्षा उंच असा शर्यतीतला हा पहिला घाट मानला जातो. स्पर्धक एका गिअरवर होते. त्याच वेळी शहरातले दुकानदार, कारकून, शिक्षक सुटीच्या दिवशी गिअरच्या सायकली घेऊन हाच घाट चढत. पुढची ३० हून अधिक वर्षे हे असेच चालले. ‘टूर’मध्ये व्यावसायिक स्पर्धकांना डिरेल्युअर वापरण्याची मोकळीक मिळाली १९३७ मध्ये. तोवर देग्रांज शर्यतीच्या सूत्रांपासून दूर झाले होते आणि वेलोसिओ या जगातच नव्हते.

देग्रांज यांना निव्वळ हटवादी ठरवणे सोपे आहे, पण तेही पूर्ण खरे नाही. शर्यत म्हणून त्यांच्या म्हणण्यात तर्क होता, कारण स्पर्धेत यंत्राचा फायदा कुणाला किती द्यायचा हा वाद आजही मिटलेला नाही. चूक झाली ती शर्यतीचा नियम साऱ्या सायकलस्वारांना लावण्यात. मेडशीच्या घाटात दम लागलेल्या माणसाला कुणाला हरवायचे नसते. त्याला वाशीमला पोहोचायचे असते.

मासिकातून चळवळ कशी उभी राहिली?

वेलोसिओंभोवती हळूहळू माणसे जमली. त्यांना पुढे ‘सेंट एतियेनचे घराणे’ म्हणावे तसे नाव पडले. रात्रीच निघायचे, पहाटे डोंगर ओलांडायचा, दिवसभर चालवायचे, सोबत थोडेसेच सामान. ईस्टरच्या सुटीत प्रोव्हान्सकडे जाण्याचा शिरस्ता पडला. रस्ते डांबरी नव्हते. परतल्यावर रस्त्याची अवस्था, खाल्लेले अन्न, वापरलेले गिअर, फुटलेली ट्यूब असा सगळा तपशील मासिकात येई आणि दूरदूरच्या वाचकांची पत्रे त्यावर येत. स्वतः वेलोसिओ या पत्रांना उत्तरे लिहीत.

त्यांची काही मते तेव्हा विक्षिप्त वाटत. ते शाकाहारी होते आणि जागतिक भाषा म्हणून मांडल्या गेलेल्या एस्पेरांतोचे पुरस्कर्ते होते. बारीक, टणक टायरपेक्षा जाड, मऊ टायर खडबडीत रस्त्यावर बरे पडतात, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी लहान चाकांच्या सायकलींवरही प्रयोग केले. अलीकडच्या काळात शर्यतीच्या सायकलींनाही पूर्वीपेक्षा रुंद टायर आले आहेत. खड्डे चुकवत घाट उतरलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी त्यांनी सात नियम घालून दिले. थांबे कमी आणि छोटे ठेवावेत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. इतके दमू नये की भूक आणि झोप दोन्ही उडतील. थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा घ्यावा, उकडण्याआधी काढावा. वाटेत तरी मद्य, मांस आणि तंबाखू टाळावे. पहिल्या काही तासांत अंगात रग असते तेव्हाच स्वतःला आवरावे. आणि शेवटचा नियम, दिखाव्यासाठी पेडल मारू नये. मांसाहाराचा मुद्दा सोडला तर आजचा कुठलाही प्रशिक्षक साधारण हेच सांगेल. शेवटचा नियम पाळणे त्यांना स्वतःला किती जमले हा प्रश्नच आहे. पाइपवाल्या तरुणाने मागे टाकले नसते तर गिअरचा नाद लागला असता का?

१९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ सेंट एतियेनमध्ये ‘वेलोसिओ दिन’ होऊ लागला. शेकडो हौशी सायकलस्वार शहरातून निघून कोल द ला रेप्युब्लिक चढू लागले. त्यात लहान मुले, म्हातारे, बायका, दोघांनी चालवायच्या सायकली असे सगळे असत. शर्यतीची आवड नसलेल्या माणसाच्या नावाने घड्याळ लावून घाट चढायचा, ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नसेल असे नाही. पण उत्सव टिकला.

आपल्याकडच्या ‘ब्रेव्हे’शी याचा काय संबंध?

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून आज हौशी सायकलस्वार ‘बीआरएम’ किंवा ‘ब्रेव्हे’ करतात. २०० किलोमीटर १३.५ तासांत, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४०. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या ठिकाणी नोंद करत, स्वतःचे पंक्चर स्वतः काढत, वेळेत पोहोचायचे. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ ही संस्था पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पारिसियाँ’च्या नियमांनुसार त्यांना मान्यता देते.

या प्रकाराच्या मुळाशी वेलोसिओ आणि देग्रांज दोघेही आहेत. १८९७ मध्ये इटलीत काही सायकलस्वार रोम ते नेपल्स एका दिवसात गेले. त्यावरून १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ‘ऑडॅक्स’ पद्धत आणली ती देग्रांज यांनी. पण त्यात सगळ्यांनी पुढच्या म्होरक्याच्या मागे, ठरलेल्या वेगाने जायचे असे. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लब यांचे बिनसले आणि क्लबने आपापल्या वेगाने जाण्याची मुभा देणारे ब्रेव्हे सुरू केले. आपल्याकडे चालतात ते हे. चढावर प्रत्येकाने आपला गिअर, आपला दम पाहून चालवावे, हा सेंट एतियेनच्या मंडळींचा शिरस्ताच त्यात उतरला.

त्याच काळात मुंबईतही एक मोठे धाडस सुरू झाले होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर चालवून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचा वेलोसिओंशी काही संबंध आल्याचा पुरावा नाही. पण सायकल ही शर्यतीबाहेरही काही असू शकते, हे फ्रान्सबाहेरच्या लोकांनाही तेव्हा सुचत होते, एवढे यातून कळते.

अखेर कशी झाली?

वेलोसिओ सत्तरी ओलांडल्यावरही दूरवर सायकल चालवत. १९३० मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, सेंट एतियेनच्या रस्त्यावर ते सायकल हातात धरून पायी चालले होते. समोरून आलेल्या वाहनाला चुकवायला मागे सरले आणि ट्रामची धडक बसली. त्यातच त्यांचे निधन झाले. त्या सकाळीही ते सेनेका वाचून घराबाहेर पडले होते, असे त्यांचे चाहते सांगत आले आहेत. संपत्ती म्हणावी अशी मागे काही नव्हती. घाटमाथ्यावर पुढे त्यांचे स्मारक उभे राहिले.

पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या जुन्या व्यावसायिक शर्यतीसोबत हौशी सायकलस्वारांनाही उतरता आले. व्यावसायिक शर्यत काही दशकांत बंद पडली, हौशींची राइड राहिली. आता ती दर चार वर्षांनी होते, मुदत ९० तासांची, आणि महाराष्ट्रातूनही लोक त्यासाठी जातात. पात्र ठरण्यासाठी आधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे ब्रेव्हे पूर्ण करावे लागतात.

२०० किलोमीटरसाठी मिळणाऱ्या साडेतेरा तासांचा हिशोब केला तर ताशी सरासरी १४.८ किलोमीटर पडतात. यात चहा, जेवण, पंक्चर, सिग्नल सगळे आले. घाटात ताशी आठच्या वेगाने चढले तरी चालते. मात्र खालच्या सपाटीवर, अंगात रग असताना, भलत्या वेगाने निघालेला माणूस सहसा घाटातच थांबतो. आषाढीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी पातूर-मेडशीच्या याच वाटेने पायी जाते, आणि तिथेही मुक्काम आधी ठरलेला असतो, वेग नव्हे.